आपलं मशीन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कंपनीच्या नोंदी लॅपटॉपमध्ये, इंग्रजीत, आणि रोज संध्याकाळी पुण्याला जातात. त्यात 'कंटाळा आला' असं लिहायला रकाना नाही. म्हणून ही वही.

आजपासून मिरजोळ्याच्या तिठ्यावर चाचणी सुरू झाली. पंचेचाळीस दिवस. एसटीच्या अडतीस गाड्या, अँब्युलन्स, कारखान्यांच्या बसेस आणि थोड्या रिक्षा, एवढ्यांत आम्ही डब्या बसवल्यात. डबी सिग्नलच्या खांबावरच्या पेटीशी बोलते, की मी अमुक गाडी, तीनशे मीटरवर आहे, इतक्या वेगाने येतेय. पेटी त्याप्रमाणे दिवा हिरवा करते आणि ड्रायव्हरसमोरच्या छोट्या पडद्यावर सांगते, तीसच्या वेगाने या, थांबावं लागणार नाही. शंभरातल्या नव्वद डबीवाल्या गाड्या न थांबता गेल्या की चाचणी पास. पहिले दोन आठवडे सरावाचे, तिथून नऊ डिसेंबरच्या अहवालापर्यंतची सरासरी धरायची. पास झाली तर मी तीन वर्षं रत्नागिरीतच. नापास झाली तर नागपूर. आप्पा, म्हणजे माझे वडील, ब्याऐंशीचे आहेत आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून काठीवर चालतात. घरात आम्ही दोघंच. त्यांना नागपूरला न्यायचं तर त्यांची विहीर आणि त्यांचा रायवळ आंबाही न्यावा लागेल.

पास झाली तर आणखीही एक होईल. तिठ्यावर शिवा आहे. ठेक्यावरचा वॉर्डन, अकरा वर्षं भर रस्त्यात उभा राहून हात दाखवतो नि गाड्या सोडतो. चाचणी संपते त्या दिवशी त्याचा ठेका संपतो, आणि मशीन पास झालं तर पुढे वाढवायचा नाही असं कराराच्या कागदावर लिहिलंय. शिवाला हे कोणी सांगितलेलं नाही. मी सांगायचं की नाही, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

चाचणीचा नियम असा, की माणूस हजर राहील पण हातवारे करणार नाही. तसं त्याला सांगितलं. म्हणाला, "मग मॅडम, हात ठेवू कुठं?" म्हटलं, पाठीमागे बांध. आपलं मशीन पास झालं पाहिजे बघ.

"आपलं?" म्हणाला. "मग होनारच की."

४ नोव्हेंबर, मंगळवार

एकसष्ट टक्के.

दिवा हिरवा, रस्ता मोकळा, आणि लांज्याची एसटी ढिम्म. ड्रायव्हर शिवाकडे बघतोय, शिवा हात पाठीमागे बांधून आभाळाकडे. आमचं ऑफिस म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं खोकं. तिथून मी ओरडले, "अहो, जा की!"

"शिवानं सोडलं नाय अजून."

"दिव्यानं सोडलंय नं!"

"दिव्याला काय दिसतं मॅडम? तो बघा चिऱ्याचा ट्रक येतोय."

येत होता खरा. त्याला लाल होता, पण इथे लाल दिव्याला कोण विचारतो? त्यालाही शिवाच थांबवायचा. आणि ट्रकात डबी नाही, म्हणजे पेटीच्या लेखी ट्रक नाहीच. स्कूटर नाहीत, शाळेच्या सायकली नाहीत, मासळीची पाटी घेऊन रोज दोनदा रस्ता ओलांडणारी गोदूबाई नाही. पुण्याचा माझा साहेब शार्दूल त्यांना 'अनकनेक्टेड' म्हणतो. वय वर्षं एकोणतीस. मला ताई म्हणतो आणि ताईला सांगावीत तशीच कामं सांगतो. घरी आप्पांना समजावताना मी 'बिनडबीचे' म्हटलं. आप्पा म्हणाले, "म्हणजे मी पण बिनडबीचाच की गो."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चौसष्ट. शार्दूलचा फोन. ताई, आकडा हलत नाही. मी म्हटलं, आकडा माझ्या हातात आहे काय? मग फोन ठेवून रडकुंडीला आले. या वयात मला आकड्यांसाठी रडू येतं, लाज वाटते.

शिवा चहा घेऊन आला. विचारलं, "गाड्या तुझ्याचकडे का बघतात रे?"

"सवय हो. सून नवी आली तरी म्हातारा चहाला बायकोलाच हाक मारतो. नव्वद नाय झाले तर काय होईल?"

"मला नागपूरला जावं लागेल."

"आणि आप्पा?"

मी पडद्यावरचे ठिपके मोजायला लागले.

"होईल हो मॅडम," म्हणाला. "आपलंच मशीन हाय. आपण नाय बघायचं तर कोणी बघायचं?"

मलाच धीर देतो बिचारा. ठेक्याचं आत्ताच सांगून टाकावं असं वाटलं. तेवढ्यात कारखान्याची बस दिव्याखाली अडली आणि राहून गेलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अठ्ठ्याहत्तर! दोन दिवसांत चौदाने वर. शार्दूल म्हणतो, सिस्टीम शिकतेय. शिकू दे बाई, कोणीतरी शिकू दे.

ड्रायव्हर आता हिरव्या दिव्याखाली रेंगाळत नाहीत. परवापर्यंत नऊ-नऊ सेकंद लावत होते, आज तीन. ट्रकवालेसुद्धा लाल दिव्याला थांबताना दिसले. मी दिवसभर पडद्यावर ठिपके बघते, डोळे चुरचुरतात. शिवाला मात्र या उन्हाने डोक्याला खाज सुटलेली दिसते. सारखी टोपी काढतो, डोकं खाजवतो, पुन्हा टोपी घालतो. मधेच खोकतो. एवढा ठणठणीत माणूस, त्याचंही वय व्हायला लागलं म्हणायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शिवाला करंजेलाची बाटली नेऊन दिली. आप्पांच्या गुडघ्यासाठी काढून आणलं होतं त्यातलंच. म्हटलं, रात्री डोक्याला चोळ, आठ दिवसांत खाज जाईल. त्याने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "बरं मॅडम" म्हणाला. पलीकडे रिक्षा स्टँडवर सगळे एकाएकी खाली बघायला लागले. काय झालं विचारलं तर "काय नाय, काय नाय".

ब्याऐंशी टक्के.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

त्र्याण्णव. पुण्यात आमच्या तिठ्याचा आलेख मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांना दाखवला म्हणे. शार्दूलने मला 'आमची रत्नागिरीची वाघीण' म्हटलं. वाघीण त्या वेळी खोक्यात पाय बादलीत बुडवून बसली होती. पत्रा असा तापतो की बारा ते तीन माणूस भाजून निघतं. घरी गेल्यावर आप्पांची आंघोळ, भात, आमटी. आनंद व्हायला हवा होता, पण मला झोप आली.

करंजेलाने काही उतार नाही. उलट खाज वाढलीय. कारखाने सुटायच्या वेळी तर टोपी डोक्यावर ठरत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शिवा दोन दिवस रजेवर. खेडला मेव्हण्याची वास्तुशांत आहे.

आज अठ्ठावन्न टक्के. सकाळपासून नुसता गोंधळ. हिरव्यात गाड्या उभ्या, लालमध्ये ट्रक घुसतात. साडेबाराला शाळेची एक मुलगी सायकलसकट पडली. एसटी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. गुडघा फुटण्यावर निभावलं. ड्रायव्हर उतरला आणि पायरीवर बसूनच राहिला. मी पाणी दिलं. म्हणाला, "शिवा कुठाय?"

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, त्यामुळे गोदूबाई नव्हती. नाहीतर तीही सापडली असती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्तावन्न. शार्दूलचं म्हणणं, नेटवर्क गेलं असणार, हे दोन दिवस असामान्य म्हणून वगळा.

मी म्हटलं, "शिवा नव्हता म्हणून तर नसेल?"

"ताई, तो काही करतच नाही नं?"

ते तर खरंच. हात पाठीमागे बांधून उभा असतो, मी रोज बघते. दोन्ही दिवस वगळले. मनाला पटलं नाही, पण पटवून घेतलं की फोन लवकर संपतो.

२ डिसेंबर, मंगळवार

शिवा आल्यापासून पुन्हा चौऱ्याण्णव. वास्तुशांतीचे लाडू घेऊन आला होता. खेडला सगळ्यांनी विचारलं म्हणे, काय करतोस हल्ली. "सांगितलं, पूर्वी उन्हात नुसता उभा असायचो, आता मशीनवर हाय. आमच्या मॅडम नि मी, दोघं मिळून चालवतो. बायकोला कसलं बरं वाटलं!"

साखर जास्त झाली होती असं म्हणून अर्धा लाडू ठेवून दिला.

त्याला सांगायला हवं. रोज उद्यावर ढकलते. मला ठाऊक आहे मी घाबरट आहे, वहीत लिहिल्याने शूर होत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज दुपारी गोदूबाई सावलीला म्हणून खोक्याच्या दारात टेकली. पाटी उतरवून बांगड्याच्या गोष्टी सांगत होती. बाहेर शिवाची टोपी निघाली. मी आपलं सहज म्हटलं, "याची खाज काही जात नाही बघा, करंजेलसुद्धा दिलं."

"खाज?" गोदूबाई म्हणाली.

"सारखी टोपी काढून खाजवतो ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अशी हसायला लागली की पाटीवरचा हात सुटला. "अगो बाय माज्ये! टोपी काढली की थांबायचं. टोपी घातली की जायचं. खोकला म्हंजे ट्रक येतोय. साऱ्या तिठ्याला ठावूक हाय. लांज्यापावत्तर ड्रायव्हरांना ठावूक हाय. तुला नाय सांगितलान कोणी?"

मला नाही सांगितलान कोणी.

ती गेल्यावर कॅमेऱ्याचं जुनं चित्रण लावून बसले. दिवा हिरवा होतो. बस येता येता ड्रायव्हर डावीकडे बघतो. टोपी डोक्यावर जाते. बस न थांबता जाते. पुन्हा तेच, पुन्हा तेच. महिनाभर मी यालाच मशीन शिकतंय म्हणत होते. पुण्याला आलेख पाठवत होते. लाज वाटली, राग आला, आणि हसूही आलं. रागच जास्त, आणि तो माझ्यावरच.

६ डिसेंबर, शनिवार

शिवाला आत बोलावलं. म्हटलं, "टोपीचं कळलं मला."

हा खूश! "कळलं काय? पण हात नाय हां वापरला मॅडम, नियम नाय मोडला. पयल्या आठवड्यात बघितलं, तुमचा आकडा वर चढत नाय. मग डेपोत जाऊन सगळ्यांना समजावून आलो. ट्रकवाल्यांना चिऱ्याच्या खाणीवर जाऊन गाठलं. पोरांना शाळेच्या दारात. तुम्हाला सांगणार होतो, पण म्हटलं, तुम्हाला पुण्याला खोटं बोलायला लागेल. त्यापरीस ठावूकच नको."

एवढं सगळं या माणसाने ड्युटी संपल्यावर फिरून केलं होतं.

मग मी सांगितलं. ठेक्याचं, कागदावरच्या ओळीचं, सगळं. मशीन पास म्हणजे तू घरी. एका दमात सांगितलं. थांबले असते तर सांगितलंच नसतं.

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "तुम्ही 'आपलं' म्हणालात."

"काय?"

"पयल्या दिवशी. आपलं मशीन. 'आमचं' म्हणाला असतात तर मला तेव्हाच कळलं असतं की ह्यात मी नाय."

आप्पांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, की 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून आणि 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. मला घरीच शिकवलं होतं. कंपनीत सगळेच आपला प्रोजेक्ट, आपलं टार्गेट म्हणतात, तसं मीही म्हणून गेले. शिवाने ते मराठीत ऐकलं.

"माझं चुकलं," म्हटलं.

"आधी सांगायला हवं होतंत मॅडम." एवढंच बोलला आणि गेला.

मनात आलं होतं, त्याला म्हणावं, अहवालाला तीन दिवस आहेत अजून, टोपीला हात लावू नकोस, पडू दे मशीन. जिभेवर आलं होतं. मग आप्पा डोळ्यांपुढे आले आणि मी तोंड मिटलं. तोही तसं म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

अहवालात एक परिच्छेद खरा लिहिला: वॉर्डनच्या खुणांशिवाय ही चाचणी झालेलीच नाही. वगळलेले दोन दिवसही परत घातले. पाठवला आणि देवापुढे निरांजन लावलं.

तासाभरात शार्दूलचा फोन. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ताई, हे राहिलं तर चाचणी रद्द. तुम्ही नागपूरला. तुमच्या जागी दुसरं कोणी येईल, पुन्हा पंचेचाळीस दिवस करेल, आणि वॉर्डन तेव्हाही जाणारच. मग तुम्ही नक्की कोणाला वाचवताय?"

दुपारपर्यंत उत्तर शोधलं. मग परिच्छेद काढला, दोन दिवस काढले, सही केली. दमले होते.

शिवा चहा आणत नाही आता. बोलत नाही. टोपी मात्र काढतो, घालतो. न राहवून विचारलं, "अजून का करतोस?"

"शाळा सुटायची वेळ झाली," म्हणाला.

१५ डिसेंबर, सोमवार

पत्र आलं. अठरा तारखेपासून तिठ्यावर माणसाची आवश्यकता नाही. मीच नेऊन दिलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं.

"म्हंजे बुधवार शेवटचा?"

"हो."

"दोन दिवस हायेत तर." जरा विचार केला. "ह्यांना दिवा बघायला शिकवायला हवं, मॅडम. गुरुवारी ही सगळी माणसं माझी टोपी शोधत बसतील नि कोणतरी मरेल. त्या दिवशीची पोरगी हातभर अंतरावर वाचली म्हणतात."

"तुझ्यावर कशाला हे? तू तुझं..."

"सवय मी लावली, मीच मोडतो."

घरी आप्पांना तीन वर्षांचं नक्की झाल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शिवाला पेढे दे हो," म्हणाले. त्यांना अर्धंच ठाऊक आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

शिवा सकाळपासून रस्त्याकडे पाठ करून उभा.

टोपी खिशात. तोंड माझ्या खोक्याकडे. गाड्यांनी हॉर्न वाजवून कान फोडले, एक ड्रायव्हर तर "मेलास काय रे!" म्हणून ओरडला. शिवा न वळता ओरडतो, "हां, मेलो समज! दिवा बघ!" गाडी अडली की उलटा चालत तिच्यापर्यंत जातो, ड्रायव्हरला पडदा दाखवतो, पुन्हा येऊन पाठ करतो. चिऱ्याच्या ट्रकांना सांगतो, लाल म्हंजे मी उभा हाय असं समजायचं. दुपारी खांबावरचं पायी चालणाऱ्यांचं बटण गोदूबाईच्या हाताने दहा वेळा दाबून घेतलं. दीड महिन्यात त्या बटणाला कोणी हात लावला नव्हता. गोदूबाई म्हणाली, "ह्या मुडद्याला मी विचारू, जाऊ काय, म्हणून? तू वळ मेल्या इकडं, तरच जाईन." तो वळला नाही. ती पंधरा मिनिटं उभी राहिली, मासळी तापली.

पाठ केलेली, त्यामुळे मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. सारखा विचारायचा, गेली काय? थांबला काय? मग मी खोक्याला कुलूप घातलं आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. तो खोक्याकडे तोंड करून, मी रस्त्याकडे. दिवसभर त्याला सांगत होते. बोललो ते एवढंच.

सहासष्ट टक्के.

१७ डिसेंबर, बुधवार

आज ब्याण्णव. टोपीशिवायचे, पहिल्यांदाच खरे.

सकाळी अजून गाड्या रेंगाळत होत्या. दुपारी कमी झालं. चारनंतर हॉर्न बंदच झाले. ऊन उतरलं तरी मी तिथेच उभी होते, पाय भरून आले होते.

"साडेपाचची लांजा आली?" शिवाने विचारलं.

"आली."

"थांबली?"

"नाही. हिरवा होता. गेली सरळ."

"ट्रक?"

"लाल आहे त्याला. रेषेच्या मागे उभा आहे."

"आणि म्हातारी?"

"बटण दाबून उभी होती. आता चालली. शिव्या देत चाललीय."

तो हसला. एक अँब्युलन्स गेली, दोन रिक्षा गेल्या, सायकलवरची पोरं गेली. शिवाने घसा साफ केला.

"लांजावाल्यानं बघितलं काय हो माझ्याकडे? जाताना?"

अकरा वर्षं तो ड्रायव्हर रोज याच्याकडे बघून तिठा ओलांडत होता. हो म्हणायला माझं काय जात होतं? पण या दीड महिन्यात मी पुण्याला खोटं कळवलं, घरी अर्धं सांगितलं, आणि यालाच सगळ्यात उशिरा सांगितलं.

"नाही," म्हटलं. "कोणीच नाही बघितलं."

"मग झालं," तो म्हणाला.

पण वळला नाही. सहाला ड्युटी संपेपर्यंत तसाच पाठ करून उभा राहिला.